रोबोच्या डोळ्यांत कुंकू

आमच्या शाळेचा रोबो बबिता राठोड मॅडमच्या हलगर्जीपणानं बिघडला आणि म्हणून तो आमच्याकडून गेला, असं तालुक्यातला कोणताही शिक्षक तुम्हाला सांगेल. सांगणाऱ्याला सांगू द्या. मी त्याच शाळेत मराठी शिकवतो, रोबो पडला तेव्हा मी वरांड्यातच उभा होतो, आणि माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

शाळा चिंचखेडची, दिग्रसपासून एसटीनं अर्ध्या तासावर. पहिली ते आठवी. निम्मी मुलं गावातली, कापूस आणि तुरीवाल्या घरांतली. निम्मी शेजारच्या तांड्यावरची, बंजाऱ्यांची. तांड्यावरची मुलं घरी गोरबोली बोलतात, गावात वऱ्हाडी बोलतात आणि माझ्या तासाला पुस्तकातली मराठी बोलायची धडपड करतात. तीन भाषा सांभाळणाऱ्या या पोरांना आमचे मुख्याध्यापक सदाशिवराव 'मंद' म्हणतात. स्वतः सदाशिवरावांना दीड भाषा येते, त्यातली अर्धी वरून आलेल्या परिपत्रकांची.

बबिता माझ्यापेक्षा बरीच लहान, म्हणून मी तिला अगं-तुगं करतो. विज्ञान आणि गणित तिच्याकडे. ती स्वतः पुसदकडच्या एका तांड्यातली. तिचे आईबाप दसरा उलटला की ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जायचे, दूर कारखान्यांच्या मुलखात, आणि ही त्यांच्याबरोबर. परत यायचे ते उन्हाळ्यात. त्यामुळे पाचवी, सहावी आणि सातवीच्या प्रत्येक पुस्तकाचा पहिला अर्धा भागच तिनं लहानपणी वाचला. उरलेले धडे तिनं शिक्षिका झाल्यावर, शिकवायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा वाचले. हे ती हसत सांगते. मला ऐकताना हसू येत नाही. आठवीत एका मावशीनं तिला ठेवून घेतलं, नाहीतर आज ती कोणाच्या तरी फडात मोळ्या बांधत असती.

ती काही गरीब गाय नाही. मोठ्यानं हसते, स्कूटी खड्डे न पाहता चालवते, डब्यातल्या चटणीनं माझ्या डोळ्यांत पाणी आणते, आणि तिच्या पर्समध्ये कंगव्याच्या शेजारी स्क्रूड्रायव्हर असतो. शाळेतले पंखे तीच दुरुस्त करते. सदाशिवराव त्याबद्दल तिचं कौतुक करत नाहीत, पण पंख्याखाली बसतात.

जुलैत एका कंपनीनं काही शाळांना शिकवण्याचे रोबो दिले. त्यांत आमचीही शाळा होती. वहीएवढा प्लास्टिकचा सांगाडा, दोन चाकं, समोर दोन गोल डोळे. बबिता यवतमाळला जाऊन प्रशिक्षण घेऊन आली, आणि येईपर्यंत सदाशिवरावांनी खोकं कपाटात ठेवून कुलूप घातलं होतं. पाहुणे आले की काढू म्हणाले. खराब झाला तर जबाबदारी कोणाची, असंही म्हणाले.

हा आमच्या शाळांचा जुना रोग आहे. पोरांसाठी आलेली वस्तू पोरांपासूनच जपायची. आमचा पृथ्वीगोल अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. सूक्ष्मदर्शकात कोणी कधी डोकावलं नाही, पण त्यावरची धूळ दर महिन्याला झटकली जाते. वस्तू नवी राहिली पाहिजे. पोरगं कोरं राहिलं तरी चालतं. मी अशा गोष्टींवर बडबड करतो आणि थांबतो. बबिता बडबड करत नाही. तिनं रोज किल्ली मागितली, रोज उद्या बघू असं उत्तर मिळालं, आणि मग एके दिवशी तिनं अख्खा सातवीचा वर्ग मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर जमिनीवर आणून बसवला. आज विज्ञानाचा तास इथंच होईल म्हणाली. सदाशिवरावांना बाहेर पडायला वाट उरली नाही. किल्ली मिळाली.

तिनं रोबो उघडा करूनच शिकवला. झाकण काढलं आणि पोरांना म्हणाली, आपल्या बंजारा लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुख पालथा घातला. हा नवीन बैल, याच्या पोटात काय आहे ते पाहू. पोरं वाकली. दोन्ही बाजूंना दोन पिवळ्या डब्या, प्रत्येकीत एक मोटर आणि बारीक दातेरी चाकं. मोटर एकटी भलत्या वेगानं फिरते पण तिच्यात जोर नसतो. दातेरी चाकं वेग कमी करतात आणि जोर वाढवतात. खाली एक मोकळं चाक, नुसतं तोल सांभाळायला. मग हा वळतो कसा? याला ना हँडल, ना स्टेअरिंग. कोणालाच सांगता येईना. तिनं विचारलं, तुमची बैलगाडी डावीकडं कशी वळते? डावा बैल आवरायचा, उजवा हाकायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तसंच आहे म्हणाली. डावी मोटर थांबवा, उजवी चालू ठेवा, रोबो डावीकडं वळतो. पोरांनी दोन्ही बाजूंनी वळवून पाहिला आणि मगच विश्वास ठेवला.

मधली हिरवी पाटी म्हणजे मेंदू. लॅपटॉपवर आपण लिहिलेला हुकूम वायरीतून तिच्यात उतरतो आणि वायर काढली तरी तिच्या ध्यानात राहतो. पण मेंदूकडून येणारी वीज इतकी अशक्त की तिच्यानं मोटर हलत नाही. म्हणून शेजारी आणखी एक छोटी पाटी. ती मेंदूचं ऐकते आणि बॅटरीची ताकद मोटरला देते. हे पोरांच्या गळी उतरायला वेळ लागला. शेवटी तांड्यातला एक जण म्हणाला, म्हणजे नाईक हुकूम देते अन् ओझं दुसरेच उचलतात. तांड्याच्या मुख्याला नाईक म्हणतात. बबिता म्हणाली, बरोबर, पण घरी जाऊन सांगू नको.

राहिले समोरचे दोन डोळे. त्यांवर बारीक जाळी असते. दिसायला ते डोळे, पण कामानं एक तोंड आणि एक कान. एकातून आवाज निघतो, आपल्याला ऐकू न येणारा. तो समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि दुसरा तो ऐकतो. विहिरीत हाक मारली की ती परत येते, तसंच. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून मेंदू अंतर काढतो आणि मोटरांना थांबवतो. आणि आवाज परत आलाच नाही तर? तर रोबोला वाटतं, पुढं मोकळं वावर आहे. हे वाक्य तिनं सगळ्यांकडून दोनदा म्हणून घेतलं.

मग मैदानावर पोरांचाच रोबो झाला. दोघं मोटर, डोळ्यांवर रुमाल बांधलेले. एक मेंदू. एक डोळा. डोळ्यानं फक्त अंतर सांगायचं, मेंदूनं फक्त हुकूम द्यायचा, मोटरांनी फक्त चालायचं. दुसऱ्याचं काम केलं की बाद. या खेळात डोळा म्हणून निकिता चव्हाणला सगळे मागायचे. सातवीतली, तांड्यावरची, काडीसारखी पोरगी. माझ्या तासाला ती तोंड उघडत नसे. इथं ती "तीन हात, दोन हात, एक वीत, थांब" असं खणखणीत ओरडायची आणि तिच्या अंदाजात चूक नसायची. खऱ्या रोबोचा हुकूम लिहायलाही तीच पहिली शिकली. त्याला किती अंतरावर थांबवायचं, कुठल्या बाजूला वळवायचं, हे ती बदलून बदलून पाहायची आणि समोर आपला तळहात धरायची. रोबो तळहातापासून वीतभर आधी थांबायचा.

निकिताचा बाप प्रेम आणि आई दरवर्षी ऊसतोडीला जातात, आणि आजवर निकिता बरोबर गेली. यंदा ती बापाला म्हणाली, मी आजीपाशी राहीन, मला रोबो सोडून यायचं नाही. प्रेमनं हो म्हटलं नाही, पण पाहू म्हटलं. बबितानं हे मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज वेगळा होता. "सर, या वर्षी तिनं पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग वाचला तं ती परत ट्रकात चढत नाही," ती म्हणाली. तिला बाकी काही नको होतं. आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार नको, पेपरात फोटो नको. ही एक पोरगी ट्रकात बसू नये, एवढंच.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारं-अवजारांची पूजा होते. शेतकरी विळे-कोयते मांडतो, ड्रायव्हर गाडीला हार घालतो. शाळेतही पाट्या-पुस्तकांबरोबर कॉम्प्युटर, प्रोजेक्टर, घंटा आणि खिचडीचा मोठा कुकर मांडतात. यंदा रोबोही मांडला. बबिता त्या दिवशी प्रशिक्षणाला यवतमाळला होती. पूजा सदाशिवरावांनी केली, सोवळ्यात, अगदी मनापासून. मला पूजेबद्दल काही म्हणायचं नाही. माझ्या घरीही खंडेनवमीला मिक्सरला फूल वाहतात. कॉम्प्युटरला एक बोट लागलं, घंटेला एक बोट लागलं. रोबोपाशी आल्यावर मात्र त्यांना दोन डोळे दिसले, आणि डोळे असलेल्या वस्तूला एका बोटावर भागवणं त्यांना कमी वाटलं असावं. त्यांनी ओलं हळदकुंकू दोन्ही डोळ्यांवर भरलं, त्यावर अक्षता चिकटवल्या, वर झेंडूचं फूल ठेवलं. सगळी शाळा हात जोडून उभी होती. पूजा उठल्यावर शिपायानं ओल्या फडक्यानं तो वरवर पुसला आणि कपाटात ठेवला.

आठवडाभरानं कंपनीचे लोक आणि विस्तार अधिकारी रोबो पाहायला येणार होते. निकिता आदल्या दिवशी माझ्याकडं आली, रोबो एकदा चालवून पाहायचा आहे म्हणाली. मी तिला आणि बबिताला घेऊन सदाशिवरावांकडं गेलो. त्यांनी किल्ली दिली नाही. पाहुणे येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, उगीच काही झालं तर, असं त्यांचं म्हणणं. बबितानं परोपरीनं सांगितलं. उंटावरचे शहाणे खाली उतरत नसतात.

पाहुणे आले, वरांड्यात खुर्च्या मांडल्या. आमचा वरांडा कमरेइतका उंच, खाली फरशी. निकितानं वरांड्याच्या मध्यावर खडूचं रिकामं खोकं ठेवलं. रोबो तिथवर जाईल, थांबेल आणि वळेल, असं तिनं पाहुण्यांना नीट सांगितलं. माझ्या तासाला न बोलणारी पोरगी साहेबांपुढं बोलत होती. मला फार बरं वाटत होतं. तिनं बटण दाबलं. रोबो सरळ निघाला, खोक्यावर धडकला, थांबला नाही. खोकं पुढं ढकलत तो तसाच चालत राहिला आणि निकिता धावून पोचेपर्यंत खोक्यासकट काठावरून खाली गेला. एक चाक निखळलं, सांगाड्याला तडा गेला.

विस्तार अधिकारी साहेबांनी काही विचारायच्या आत सदाशिवराव उभे राहिले. "तांड्यावरचे पोट्टे आहेत साहेब," ते म्हणाले. "यांच्या हातात द्यायलेच नको होतं. मी आधीपासून म्हणून राह्यलो."

निकिता खाली फरशीवर बसून निखळलेलं चाक उचलत होती. तिनं ऐकलं. तिच्याबरोबर तांड्यावरच्या सगळ्या मुलांनी ऐकलं. कंपनीच्या माणसानं जाताना सांगितलं की हा रोबो, जिथं नीट सांभाळला जाईल अशा मोठ्या शाळेला देऊ, पुढच्या आठवड्यात गाडी पाठवतो. बबितानं मधल्या काळात दुरुस्त करून ठेवायची परवानगी मागितली आणि तो घरी नेला.

दुसऱ्या दिवशी निकिता शाळेत आली नाही. बातमी तांड्यावर तिच्या आधी पोचली होती. पोरीनं सरकारी मशीन फोडलं आणि साहेबासमोर तांड्याचं नाव गेलं. प्रेमनं एवढंच म्हटलं म्हणे, की जिथं नाव खराब झालं तिथं राहून काय करायचं, चल आमच्यासंगं. आणि पोरगी हो म्हणाली. ट्रक सोमवारी येणार होता.

शनिवारी बबिता रोबो घेऊन शाळेत आली. चाक बसलं होतं, तडा चिकटवला होता. चालत होता, पण भिंत दिसत नव्हती. मला तिनं मोबाईलच्या उजेडात त्याचे डोळे दाखवले. जाळीच्या भोकांत वाळून कडक झालेलं कुंकू आणि त्यात तांदळाची कणी. आवाज बाहेर जायला वाट नाही, आत यायला वाट नाही. परत काही येत नाही म्हणून बिचाऱ्याला पुढं मोकळं वावर दिसत होतं. बबितानं मला विचारलं, हे कोणी लावलं? मी सांगितलं. मग तिनं माझ्यासमोर जुन्या दातांच्या ब्रशनं जाळी हळूहळू साफ केली आणि हात समोर धरला. रोबो थांबला.

आम्ही दोघं सदाशिवरावांकडं गेलो. ब्रशवरचं लाल त्यांना दाखवलं. त्यांना कळलं, हे मी शपथेवर सांगतो. त्यांचा चेहरा आधी पडला आणि मग ताठ झाला.

"पूजेनं कुठं काही बिघडते काय मॅडम?"

"पूजेनं नाही बिघडलं सर," बबिता म्हणाली. "कुंकवानं बिघडलं."

देवाधर्माच्या गोष्टी साहेबांपर्यंत न्यायच्या का, लोक काय म्हणतील, गावात तोंड कसं दाखवायचं, असं त्यांचं सुरू झालं. बबिता म्हणाली, पूजेचं नाव तुम्ही अजिबात घेऊ नका, मलाही घ्यायचं नाही. फक्त साहेबांना कळवा की निकितानं बिघडवला नाही, आणि उद्या तांड्यावर येऊन प्रेमला तेच सांगा. मुख्याध्यापकानं तांड्यावर जाऊन खुलासा करायचा, या कल्पनेनंच त्यांना घाम फुटला. ते म्हणाले, पोरीचं नाव वगळलं तर मग साहेब विचारतील, कोणी बिघडवला. कोणाचं तरी नाव सांगावं लागतेच.

"मग माह्यं सांगा," बबिता म्हणाली.

मला वाटलं, आता तरी हा माणूस लाजेल. अहो, लाजणं राहिलं बाजूला. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि आमच्यासमोरच साहेबांना लावला. चौकशी केली साहेब, पोरीची काही चूक नाही, आमच्या मॅडमकडून देखभालीत हलगर्जी झाली, मी त्यांना समज दिली आहे. समज दिली आहे! बबिता तिथंच उभी होती. चोर सोडून संन्याशाला फाशी हे मी मुलांना वर्षानुवर्षं वाक्यात उपयोग करायला देतो. एवढा चोख उपयोग मी प्रथमच पाहिला. मी तोंड उघडलं तर बबितानं माझं कोपर धरलं आणि बाहेर आणलं. सोमवारपर्यंत मला गप्प राहायला लावलं.

रविवारी आम्ही दोघंच तांड्यावर गेलो. घराघरांसमोर गाठोडी बांधली जात होती, कोयते गोणपाटात गुंडाळले जात होते. तांड्याची रीत अशी की कोणाच्या नावाला लागलेली गोष्ट निस्तरायची तर नाईकासमोर, चारचौघांत बोलायची. कानात सांगितलेलं तिथं चालत नाही. बबिताला हे सांगावं लागत नाही. ती सरळ हिरासिंग नाईकांच्या अंगणात गेली, त्यांना प्रेमला आणि निकिताला बोलवायला सांगितलं. माणसं जमली. निकिताची आजी धनीबाई पोरीचा हात घट्ट धरून उभी होती.

बबितानं आधी गोरबोलीत काहीतरी म्हटलं, मग माझ्यासाठी मराठीत. रोबो पोरीनं बिघडवला नाही. त्याच्या डोळ्यांत घाण गेली होती आणि ती साफ करायचं काम माझं होतं. चूक माझी. साहेबालाही तसंच कळवलं आहे. निकितानं मान वर केली. खंडेनवमीच्या पूजेला तीही उभी होती. तिचं तोंड उघडलं होतं, पण बबितानं तिच्याकडं पाहिलं आणि रोबो तिच्या हातात दिला.

निकितानं तो अंगणात ठेवला आणि बटण दाबलं. रोबो हिरासिंगांच्या पायांकडं निघाला. बाजूच्या बायका मागं सरकल्या. म्हातारा हलला नाही. पायापासून वीतभर अंतरावर रोबो थांबला, वळला आणि दुसरीकडं चालू लागला. हिरासिंगांनी काठी टेकत चार पावलं जाऊन मुद्दाम त्याच्या वाटेत पाय ठेवला. पुन्हा थांबला. धनीबाई म्हणाली, याले तं दिसते. त्यावर सगळे हसले, प्रेमही हसला.

मग प्रेम बबिताला म्हणाला, "अन् तुमच्या नावाचं काय मॅडम?"

"माह्या नावाले काही होत नाही," बबिता म्हणाली. "तिच्या नावाची आत्ता सुरुवात हाय. राहू द्या तिले."

प्रेमनं हिरासिंगांकडं पाहिलं. त्यांनी निर्णय त्याच्यावरच सोडला. मग तो आईला, धनीबाईला, म्हणाला, पोरीचं गाठोडं सोड.

सोमवारी ट्रक गेला. निकिता त्यात नव्हती. ती आईच्या मागं रस्त्यापर्यंत गेली, रडली, आणि दुसऱ्या घंटेला वर्गात येऊन बसली. मंगळवारी कंपनीची गाडी येऊन रोबो घेऊन गेली. पोरं फाटकापर्यंत पळाली. गोष्ट इथं संपली असती तर मीही मुकाट्यानं गिळली असती. पण सदाशिवरावांना राहवलं नाही. त्याच दुपारी दिग्रसला शिक्षकांच्या बैठकीत त्यांनी बबिताचा किस्सा रंगवून सांगितला. संध्याकाळी तिथल्या बसस्टँडवर एका ओळखीच्या शिक्षकानं मला हसत विचारलं, तुमच्या मॅडमनं रोबो फोडला म्हणे? मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. आणि बुधवारी सकाळी परिपाठाला, सगळ्या शाळेसमोर, सदाशिवराव म्हणाले की काही शिक्षकांच्या निष्काळजीपणामुळं आपल्या शाळेचं नुकसान झालं आहे, इथून पुढं विज्ञानाचं साहित्य कपाटातच राहील. बबिता पोरांच्या रांगांमागं उभी होती.

आमच्या परिपाठात रोज एक मूल प्रश्न विचारतं आणि सगळी शाळा उत्तर देते. बहुतेक वेळा राजधान्या, नद्या, नाहीतर पाढे. गुरुवारी निकिता रांगेतून पुढं आली. पाळी तिची नव्हती. जिची होती त्या पोरीनं तिला दिली होती, हे मला नंतर कळलं. तिच्या हातात कागद नव्हता.

तिनं विचारलं, रोबोला समोरचं कशानं दिसतं? सातवी-आठवीनं उत्तर दिलं, आवाजानं.

तिनं विचारलं, आवाज परत आला नाही तर त्याला काय वाटतं? पुढं मोकळं वावर आहे, असं सगळे म्हणाले. मैदानावर खेळून खेळून हे चौथीच्या पोरांनाही पाठ झालं होतं.

मग ती म्हणाली, "खंडेनवमीले रोबोच्या डोळ्यांत कुंकू कोणी भरलं होतं?"

मोठी मुलं गप्प झाली. त्यांना कळत होतं, की हे उत्तर द्यायचं नसतं. पण पहिलीच्या रांगेतल्या पोरांना अजून तेवढं शिकवलेलं नाही. त्यांना प्रश्न सोपा वाटला. त्यांनी सदाशिवरावांकडं बोटं केली आणि एका सुरात सांगितलं, "सरनं."

निकिता म्हणाली, बरोबर, आणि जाऊन आपल्या जागी उभी राहिली. बबिताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. सदाशिवरावांनी शिपायाला घंटा द्यायला सांगितलं. घंटा झाली, रांगेनं वर्गात चला असंही ते म्हणाले. एकही रांग हलली नाही.